मंडळाच्या गणपतीत सर्व्हिस डॉग आला तर?

अनघा_कॅरोलायना

आधी प्रश्न विचारते, मग पार्श्वभूमी सांगते. पीटीएसडी (जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार) असलेला माणूस मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला सर्व्हिस डॉग, म्हणजे त्याच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा, घेऊन आला तर आपण कसं वागावं? आणि ज्यांना कुत्र्याची भीती वाटते किंवा देवासमोर कुत्रा नको वाटतो, त्यांची समजूत कशी काढावी?

आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीचा मुलगा अमेरिकन सैन्यात होता, अफगाणिस्तानात जाऊन आला. इथेच जन्मलेला, घरी मराठी बोलणारा, लहानपणी मंडळाच्या नाटुकल्यांत हौसेने कामं करणारा. परत आल्यावर त्याची झोप उडाली, गर्दीत जाणं बंद झालं. मधली काही वर्षं तो कोणाला दिसलाच नाही. यंदा गणपतीला आला तो लाल जॅकेट घातलेल्या लॅब्रेडॉरला घेऊन. तिचं नाव मेपल. त्याने मागच्या रांगेतली कडेची खुर्ची धरली. मेपल खुर्चीला चिकटून बसली, पण तोंड मागे दाराकडे करून. ढोल सुरू झाले तसा त्याचा गुडघा थरथरायला लागला. त्याने काही खूण केली असेल तर ती मला दिसली नाही. मेपल उठली, त्याच्या मांडीवर हनुवटी दाबून राहिली. तरी गुडघा थांबेना, तेव्हा पट्टा ताणून त्याला दाराबाहेर घेऊन गेली. आरतीच्या वेळी दोघं परत आले आणि शेवटपर्यंत थांबले.

मला इतकं बरं वाटलं! पण मागून कुजबुज सुरू. "गणपतीसमोर कुत्रं कशाला?" "आंधळा तर नाहीये." मुलांनी मेपलभोवती गराडा घातला, एक काकू मोदक घेऊन पुढे झाल्या. दुसऱ्या दिवशी समितीच्या ग्रुपवर सूचना आली की पुढच्या वर्षी दारावर 'पाळीव प्राणी आणू नयेत' अशी पाटी लावू. मी विरोध केला आहे आणि करत राहणार. आपल्या घरचा मुलगा इतक्या वर्षांनी आपल्यात येऊन बसतोय, त्याच्यासमोर आपण पाटी लावणार? पण बैठकीत नुसती कळकळ पुरणार नाही, माहिती हवी आहे. जाणकारांनी लिहावं.

उंडगा

दत्तगुरूंच्या तसबिरीत चार कुत्रे, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा. बाप्पाचं वाहन उंदीर, तेव्हा त्याने हरकत घेतलीच तर मांजरावर घेईल, कुत्र्यावर नाही 😀

गोठ्यातला_डॉक्टर

अनघाताई, तो मोदक मेपलच्या पोटात गेला नाही ना? पशुवैद्य आहे म्हणून काळजीने विचारतो. सारणात बेदाणे घालायची पद्धत आहे. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्यावर होतील याचा भरवसा नसतो. थोड्याशानेही होतं. चॉकलेट बर्फीही नको. 'प्रसादाला काय होतंय' म्हणून देऊ नका, प्लीज.

अनघा_कॅरोलायना

नाही दिला. त्याने हात आडवा धरून नम्रपणे नको म्हटलं, तर काकू रुसल्या. बेदाण्यांचं मलाही माहीत नव्हतं, आता काकूंना हेच सांगते.

डॉ_केतकी

मी टेक्ससमध्ये मानसशास्त्रज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत माजी सैनिक बरेच असतात. त्यामुळे जरा विस्ताराने लिहिते.

पीटीएसडी हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली आलं, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. जिवावर बेतलेला प्रसंग संपतो, पण शरीर तो संपला असं मानायला तयार नसतं. रात्री दुःस्वप्नं, दिवसा सतत चाहूल घेत राहणं, दार कुठे आहे ते आधी बघणं, पाठीमागे कोणी उभं राहिलं की घाम फुटणं. माणूस मग हळूहळू बाहेर जाणंच टाळतो. अनघाने वर्णन केलं तेच.

मेपल मागे तोंड करून का बसली? ते तिला शिकवलेलं आहे. पाठीमागून कोणी आलं की तिच्या हालचालीवरून त्याला कळतं, म्हणून त्याला स्वतःला दर मिनिटाला मान वळवावी लागत नाही. मांडीवर हनुवटी दाबणं हेही काम आहे. अंगावर दाब आला की लक्ष छातीतल्या धडधडीवरून त्या वजनाकडे येतं. काही कुत्री दुःस्वप्नात माणसाची तडफड सुरू झाली की नाकाने ढोसून उठवतात, काही दिवा लावतात, काही गर्दीत माणसापुढे आडवी उभी राहून अंतर ठेवतात. पाय हलणं, नखं खाणं, श्वास जोरात होणं अशा खुणा माणसाच्या स्वतःच्या लक्षात यायच्या आधी कुत्र्याच्या लक्षात येतात.

आता तीन प्रकार नीट वेगळे ठेवा, नाहीतर बैठकीत गोंधळ होईल. एका माणसाच्या अपंगत्वाशी थेट संबंध असलेलं ठरावीक काम शिकलेला तो सर्व्हिस डॉग. नुसत्या सहवासाने धीर देणारा तो इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल. आणि हॉस्पिटलात किंवा शाळेत जाऊन अनेकांना भेटणारा तो थेरपी डॉग. सार्वजनिक ठिकाणी हक्काने जाण्याची मुभा फक्त पहिल्याला आहे.

सदाशिव_आजोबा

माझं म्हणणं काहींना रुचणार नाही. लहानपणी मला पिसाळलेला कुत्रा चावला. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. आई मला रोज कडेवर घेऊन सरकारी दवाखान्यात जायची आणि मी तिच्या खांद्याला चावा घ्यायचो इतकं दुखायचं. आज वय शहात्तर. अजूनही खोलीत कुत्रा असेल तर माझा श्वास अडकतो. मुलाकडे अमेरिकेत येतो तेव्हा मंडळाचा गणपती हा माझा एकच विरंगुळा असतो. त्या सैनिकाबद्दल मला आदरच आहे. पण माझ्यासारख्याने मग कुठे बसायचं?

निशिगंधा

आजोबा, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. तुमच्या भीतीला कोणी हसू नये.

वकीलीण_बाई

न्यू जर्सीत वकिली करते. कायद्याची बाजू मांडते, पण तुमच्या मंडळाच्या बाबतीत स्थानिक वकिलाला जरूर विचारा.

अमेरिकेत अपंगांसाठीचा मूळ कायदा १९९० चा, एडीए. २०११ पासून लागू झालेल्या नियमांत सर्व्हिस अ‍ॅनिमल म्हणजे कुत्रा हे स्पष्ट केलं आहे (छोट्या जातीच्या घोड्यासाठी वेगळी तरतूद आहे, हो, खरंच). मानसिक आजारासाठी शिकवलेला कुत्राही त्यात धरला जातो. काम काय हे उघड दिसत नसेल तर दारावरचा माणूस दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे. आजार कोणता ते विचारता येत नाही. कागद, ओळखपत्र मागता येत नाही. 'करून दाखव' म्हणता येत नाही. जॅकेटसुद्धा सक्तीचं नाही. कुत्रा आवरत नसेल आणि मालक आवरत नसेल, किंवा त्याने घाण केली, तर मात्र कुत्र्याला बाहेर न्यायला सांगता येतं. तेव्हाही माणसाला थांबायची मुभा द्यावीच लागते.

आजोबांच्या मुद्द्यावर: दुसऱ्याची भीती किंवा अ‍ॅलर्जी हे कुत्रा नाकारायचं कारण ठरत नाही. दोघांनाही सामावून घ्यायचं, दोन वेगळ्या जागी बसवायचं, असं सरकारी मार्गदर्शनात म्हटलं आहे. जेवणाच्या रांगेतही सर्व्हिस डॉग चालतो.

मेख इथे आहे. धार्मिक संस्था आणि खऱ्या अर्थाने खासगी क्लब यांना हा भाग लागू नाही. म्हणजे देऊळ स्वतःचे नियम करू शकतं. पण तुम्ही शाळेचा हॉल घेता, तिकीट लावता, येईल त्याला आत घेता. तिथे 'आम्ही धार्मिक संस्था' हा बचाव टिकेल यावर मी तरी पैज लावणार नाही. ती पाटी लावू नका.

चिकित्सक

सगळे भारावलेत, म्हणून थोडा ब्रेक लावतो. खोट्या सर्व्हिस डॉगचा सुळसुळाट आहे की नाही? ऑनलाइन जॅकेट मिळतं, 'नोंदणी प्रमाणपत्र' मिळतं. विमानात तर लोक मोर, डुकरं घेऊन चढायला निघाले होते. शेवटी अमेरिकन वाहतूक खात्याने नियम बदलले, आणि जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्यांना इमोशनल सपोर्ट प्राण्यांना सर्व्हिस अ‍ॅनिमल मानण्याची सक्ती राहिली नाही. कागद मागायचाच नाही असा नियम असेल तर खऱ्या गरजवंताचंच नुकसान होतं.

दुसरं, याने खरंच उपयोग होतो का? पुरावा काय?

वकीलीण_बाई

@चिकित्सक, ती ऑनलाइन प्रमाणपत्रं कायद्याच्या दृष्टीने कागदाचा तुकडा आहेत. अमेरिकेत अशी कुठलीही सक्तीची सरकारी नोंदणी नाही. आणि त्याच २०२१ च्या नियमाने मानसिक आजारासाठीच्या सर्व्हिस डॉगला इतर सर्व्हिस डॉगच्या बरोबरीने बसवलं, ते विसरू नका. आधी त्यांना जास्त कागदपत्रं द्यावी लागत होती.

खोटा कुत्रा ओळखायचा तर वागण्यावरून ओळखा. भुंकतोय, ताटात तोंड घालतोय, लोकांवर उड्या मारतोय, तर त्याला बाहेर काढायचा अधिकार कायद्याने दिलेलाच आहे.

डॉ_केतकी

पुराव्याबद्दल सांगते, कारण हा प्रश्न माझ्या क्षेत्रातही बरीच वर्षं धुमसत होता.

व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी खातं, सुरुवातीला पीटीएसडीसाठी कुत्रा द्यायला तयार नव्हतं. पुरावा नाही, हेच त्यांचं म्हणणं. संसदेने अभ्यास करायला लावला. तो २०११ मध्ये फ्लोरिडात सुरू झाला, मध्येच थांबवावा लागला, नव्याने आखला गेला, आणि निष्कर्ष बाहेर आले २०२१ मध्ये. त्यात काही जणांना सर्व्हिस डॉग दिले, काहींना इमोशनल सपोर्ट डॉग. दोन्ही गटांना बरं वाटलं. लक्षणांच्या ८० गुणांच्या प्रश्नावलीवर सर्व्हिस डॉगच्या गटात ३.७ गुणांची जास्त सुधारणा झाली. मोठा फरक नाही. रोजच्या कामकाजातल्या अडचणींत दोन गटांत फरक दिसला नाही. आत्महत्येचे विचार मात्र १८ महिन्यांनी सर्व्हिस डॉगच्या गटात कमी होते, आणि माझ्या मते याचं वजन मोठं आहे.

दुसरा अभ्यास मॅगी ओहेअर यांच्या गटाचा, जून २०२४ मध्ये जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. १५६ माजी सैनिक, त्यातल्या ८१ जणांना कुत्रा मिळाला, ७५ प्रतीक्षा यादीवर. नेहमीचे उपचार दोघांचेही चालू. तीन महिन्यांनी, कोणाकडे कुत्रा आहे हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी तपासलं. कुत्रा मिळालेल्यांत पीटीएसडीचं निदान कायम राहण्याची शक्यता बरीच कमी निघाली, नैराश्य आणि चिंताही कमी. पण चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते आणि तीन महिने म्हणजे काही फार नव्हेत. तेव्हा उपयोग होतो, पण कुत्रा हा उपचारांच्या जोडीला आहे, उपचारांऐवजी नाही. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायला शिकवणारी थेरपी, घटनेबद्दलचे अडकलेले विचार सोडवणारी थेरपी, या आजही पहिल्या क्रमांकाच्या.

चिकित्सक

धन्यवाद, असं आकड्यांसकट लिहिलं की पटतं. पण मग एक खरी शंका. थेरपीत शिकवायचं की पाठीमागे धोका नाही, आणि कुत्र्याला शिकवायचं की पाठीमागे लक्ष ठेव. परस्परविरोधी नाही का? कुत्रा राखण करतोय म्हणजे धोका आहेच, असं त्या माणसाच्या मनात पक्कं होणार नाही?

डॉ_केतकी

उत्तम प्रश्न, आणि यावर आमच्यातही मतभेद आहेत. खोलीत आधी शिरून फेरी मारणं, मागे राखण करणं ही कामं काही प्रशिक्षक आता मुद्दाम शिकवत नाहीत, नेमक्या याच कारणासाठी. चिंता वाढताना मध्ये पडणं आणि शांत करणं, हे माजी सैनिकांना स्वतःलाही सगळ्यात मोलाचं वाटतं.

माझा अनुभव असा की जो माणूस दुकानातही जात नव्हता तो कुत्र्यामुळे थेरपीला यायला लागतो. सुरुवातीला ती राखण त्याला दारापर्यंत आणते. पुढे ती कमी करत न्यायची असते, आणि ते काम कुत्र्याचं नाही, आमचं आहे.

फौजी_सातारकर

जय हिंद. पेन्शनवर आहे, मराठा लाइट इन्फंट्री, पुढे काश्मीरात राष्ट्रीय रायफल्स. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घरटी एक माणूस फौजेत. तिथे कोणी 'मला मानसिक त्रास होतो' म्हणत नाही. 'झोप नीट लागत नाही' एवढंच म्हणतात, आणि संध्याकाळी बाटली उघडतात.

माझं सांगतो. रिटायर होऊन आल्यावर झोपेत ओरडायचो. बायकोने पहिल्यांदा खांद्याला धरून उठवलं तेव्हा मी तिचा हात पिरगाळला. माझी शुद्धच नव्हती. तेव्हापासून ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून लांबूनच पायाचा अंगठा हलवायची आणि माझं नाव, रँक मोठ्याने म्हणायची. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. वर वाचलं की कुत्रं नाकाने ढोसून उठवतं, तेव्हा वाटलं की तिथे हे काम वाटून घ्यायला कोणीतरी आहे. आमच्याकडे सगळं घरच्या बाईवर. तिलाही कित्येक वर्षं पुरी झोप मिळाली नाही, याचा विचार कोण करतं?

फौजेत कुत्र्यांची किंमत आम्हाला पुरेपूर माहीत. मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये शिकलेली कुत्री आमच्या पुढे चालायची. सुरुंग हुंगून कुत्रं बसलं की अख्खी तुकडी जागच्या जागी थांबायची. तेच इमान घरी आलेल्या जवानाच्या कामाला यावं असं मला मनापासून वाटतं. पण आधी गावात बोलायला डॉक्टर पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी मनाचा डॉक्टर मिळत नाही, कुत्रं कुठून मिळणार?

निशिगंधा

काका, वहिनींना माझा नमस्कार सांगा. लांबून अंगठा हलवणं हे त्यांनी स्वतः शोधून काढलं, केवढी ती समज.

डॉ_केतकी

फौजीकाका, तुमच्या पत्नीने केलं तेच आम्ही इथे कुटुंबांना शिकवतो. खांद्याला किंवा चेहऱ्याजवळ हात लावायचा नाही, लांबून नाव घ्यायचं. आणि जोडीदाराच्या झोपेचा मुद्दा फार खरा आहे. गावाकडे कोणाला त्रास असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक द्या, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरची जागा तो घेणार नाही, पण पहिलं बोलणं तरी होईल.

बाळू_मुधोळ

आपला मुधोळ का नाही चालणार या कामाला? सैन्यातही घेतलाय. काटक, देखणा, खर्च कमी.

गोठ्यातला_डॉक्टर

बाळूभाऊ, मुधोळ माझाही लाडका. पण तो नजरेने शिकार करणारा, स्वतंत्र बुद्धीचा, परक्यांपासून चार हात लांब राहणारा. ससा दिसला की तुमचा सर्व्हिस डॉग पुढच्या गावात 😀 या कामाला माणसाकडे सतत बघत राहणारा, गर्दीने न बिचकणारा, खाण्यासाठी काहीही शिकायला तयार असलेला कुत्रा लागतो. म्हणून लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर. अर्थात जातीपेक्षा त्या त्या कुत्र्याचा स्वभाव महत्त्वाचा. अमेरिकेत काही संस्था बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यांतूनही कुत्री निवडतात.

उंडगा

मुधोळवरून आता रायगडावरच्या वाघ्यावर गाडी जाणार...

संपादक

जाणार नाही. त्या विषयाला वेगळा धागा काढावा, इथले प्रतिसाद उडवले जातील.

प्राणीमित्र_ठाणे

मला त्या कुत्र्याचीच काळजी वाटते. चोवीस तास ड्यूटी, खेळ नाही, कोणी लाड करायचे नाहीत. माणसाचं दुःख त्याच्या गळ्यात का बांधायचं?

मेपलची_आजी

अनघाने या धाग्याची लिंक पाठवली. तो मुलगा माझा. सगळे प्रतिसाद वाचले, त्यालाही वाचून दाखवले, त्याला मराठी वाचायला वेळ लागतो.

प्राणीमित्र, तुम्हाला वाटलेली काळजी आधी मलाही वाटायची. जॅकेट उतरलं की मेपल पूर्ण वेगळी असते. अंगणात गोल गोल धावते, माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत नाक खुपसते, पोटावर खाजवून घ्यायला उताणी पडते. ज्या कुत्र्याला हे काम झेपत नाही त्याला संस्था प्रशिक्षणातूनच बाजूला काढतात आणि चांगलं घर बघून देतात. वय झालं की मेपलही निवृत्त होईल आणि आमच्याकडेच राहील. तेव्हा दुसरा कुत्रा येईल, आणि मुलाला ते कसं झेपेल ही चिंता मला आत्तापासून आहे.

असा एक कुत्रा तयार करायला वीस-तीस हजार डॉलर सहज लागतात. आम्हाला तो देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेकडून विनामूल्य मिळाला, पण यादीवर थांबावं लागलं. ते थांबणं फार कठीण होतं. फ्लोरिडातली के-नाइन्स फॉर वॉरियर्स ही संस्था २०११ मध्ये एका आईनेच उभी केली, शारी डुव्हाल यांनी. त्यांचा मुलगा ब्रेट इराकहून परतला तो असाच. ती हकीकत वाचली तेव्हा मला धीर आला आणि मी अर्ज भरायला बसले. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये नवा कायदा झाला, त्यात सरकारी खात्याने पाच ठिकाणी पाच वर्षांचा प्रयोग सुरू केला. माजी सैनिक स्वतः कुत्र्याला शिकवतात, तोच उपचाराचा भाग. त्या पाचांत आपल्या नॉर्थ कॅरोलायनातलं अ‍ॅशव्हिलही आहे. कोणाच्या ओळखीत गरज असेल तर सांगा.

आता मुलाचं म्हणणं सांगते. समितीतल्या काहींनी सुचवलं की स्टेजवरून घोषणा करून सगळ्यांना समजावू, टाळ्या वाजवून त्याचा सत्कार करू. तो म्हणाला, कृपया नको. त्याला आत येऊन बसायचंय, आरती म्हणायचीये, जेवायचंय. माझ्याबद्दल माईकवर बोलले तर मी पुन्हा येणार नाही, असं त्याने सांगितलं. ढोल बंद करा असंही त्याचं म्हणणं नाही. त्याला ढोल आवडतो. कधी सुरू होणार ते दहा मिनिटं आधी कळलं तर तो बाहेर जाऊन उभा राहील आणि मनाची तयारी झाली की आत येईल.

आणि सदाशिव आजोबांना त्याने खास निरोप दिलाय: तुम्ही याल त्या दिवशी मला कळवा, मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसेन. भीती म्हणजे काय ते मला माहीत आहे.

सदाशिव_आजोबा

त्याला माझे आशीर्वाद सांगा. मी पुढच्या ओळीत बसतो, ऐकायला कमी येतं म्हणून. तो मागे बसतो. मग अडचण राहिलीच कुठे?

अनघा_कॅरोलायना

घोषणेची कल्पना माझीही होती, ती आता बाद. समितीपुढे हे ठेवते: पाटी लावायची नाही. दारावरच्या स्वयंसेवकांना ते दोन प्रश्न आणि त्यापलीकडे काही विचारायचं नाही, हे आधी समजावायचं. मागच्या भिंतीलगत, दाराजवळ काही खुर्च्या मोकळ्या ठेवायच्या, कोणासाठी ते लिहायचं नाही. बालवर्गाच्या ताईंनी मुलांना आधीच सांगायचं की जॅकेट घातलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, खायला द्यायचं नाही. ढोल पथकाने सुरू करण्याआधी मेसेज टाकायचा. अजून काही?

वकीलीण_बाई

हॉलच्या करारात प्राण्यांबद्दल काही कलम असेल तर आत्ताच बघून घ्या, ऐन वेळी शाळेच्या शिपायाशी वाद नको.

गोठ्यातला_डॉक्टर

बाहेर कुत्र्याला पाणी आणि शू-शीची जागा कुठे, ते दारावरच्या माणसाला माहीत असू द्या. आणि सांडलेले बेदाणे!

निशिगंधा

धागा थोडा माझ्याकडे वळवते. मी सैनिक नाही. एक्स्प्रेसवेवर आमच्या गाडीला अपघात झाला, मी वाचले, सोबतची मैत्रीण गेली. पुण्यात माझी थेरपी चालू आहे आणि उपयोग होतोय. तरी रात्री दचकून उठते, ट्रकचा हॉर्न ऐकला की हातपाय गार पडतात. घरी गावठी कुत्रा आहे, दगडू, तीन वर्षांचा. शांत आहे, दिवाळीत फटाक्यांनाही घाबरत नाही. त्याला असं काही शिकवता येईल का? घरापुरतंच.

फौजी_सातारकर

ताई, धीर धरा. तुम्ही लिहिलंत हेच मोठं काम केलंत.

डॉ_केतकी

निशिगंधा, मैत्रिणीबद्दल वाचून फार वाईट वाटलं. पीटीएसडी फक्त सैनिकांचा नसतो. अपघात, बलात्कार, घरातली मारहाण, पूर, भूकंप, यांतून गेलेल्या कोणालाही होऊ शकतो. दगडूबद्दल तुमच्या थेरपिस्टशी बोला, म्हणजे दोन्ही एका दिशेने चालेल. अमेरिकेतही स्वतःच्या कुत्र्याला स्वतः शिकवायला कायद्याची आडकाठी नाही.

गोठ्यातला_डॉक्टर

नक्की शिकवता येईल. भारतात अशा कुत्र्याला दुकानात, बसमध्ये हक्काने नेता येईल अशी व्यवस्था नाही. रेल्वेत सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो. पण घरात तुम्हाला कोण अडवणार?

सोप्यापासून सुरू करा. खुर्चीत बसा, मुठीत उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे ठेवा. मुद्दाम पाय हलवायला लागा. दगडू बघेल, जवळ येईल, कधीतरी नाक लावेल. नाक लागलं त्या क्षणी 'शाब्बास' म्हणा आणि तुकडा द्या. पाय थांबवा. पुन्हा हलवा. पाय हलला की नाक लावायचं हे त्याला कळलं की नुसत्या स्पर्शाला देणं बंद करा, जोरात ढोसल्यावरच द्या. एका वेळी पाचच मिनिटं, आणि तो कंटाळायच्या आत थांबा. मांडीवर डोकं ठेवायला शिकवताना आधी क्षणभर, मग हळूहळू वेळ वाढवत जा. ओरडायचं नाही, मान धरून दाबायचं नाही. तुम्ही खऱ्या घाबरलेल्या असाल तेव्हा शिकवू नका, सराव नेहमी चांगल्या वेळी.

निशिगंधा

डॉक्टर, सांगितलंत तसं करतेय. थेरपिस्टनेही होकार दिला. पाय हलवला की दगडू आता स्वयंपाकघरातून धावत येतो आणि गुडघ्याला ढोसतो. काल फोनवर बोलता बोलता माझा पाय आपोआप हलायला लागला, मला कळलंही नव्हतं, आणि हा हजर! चिकन नव्हतं, चपातीचा तुकडा दिला. रात्रीचं कसं शिकवू?

गोठ्यातला_डॉक्टर

वा! चपाती चालेल, खाऊ कधीच चुकवू नका एवढं बघा. रात्रीचं काम दिवसा शिकवायचं. घरातल्या कोणाला तरी मदतीला घ्या. दुपारी पलंगावर पडा, डोळे मिटा, हातपाय झाडा, कण्हल्यासारखा आवाज काढा. दगडूने हाताला किंवा पायाला ढोसलं की मदतनीसाने लगेच खाऊ द्यायचा आणि तुम्ही उठून बसायचं. चेहऱ्याजवळ येऊ देऊ नका, झोपेत तुमचा हात लागायचा. हे पक्कं झालं की पडदे ओढून करा, मग संध्याकाळी दिवे मालवून, मग रात्री. खाऊचा डबा उशाशी, घट्ट झाकणाचा, नाहीतर तो तुम्हाला विनाकारणच उठवत बसेल. चार-सहा आठवडे लागले तरी घाई नको. अडलं की इथेच विचारा.